पद्मिनीची स्टेपनी: रेडियल, ट्यूब आणि घाटातले पंक्चर

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली गाडी आता माझ्याकडे असून ती एरवी गावातल्या गावातच फिरते. पाऊस थांबल्यावर कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि तेथून गुहागर असा सहकुटुंब प्रवास करण्याचा विचार आहे. इंजिन, ब्रेक, रेडिएटर ही कामे झाली आहेत. अडले आहे ते स्टेपनीपाशी.

चारही चाकांवर सध्या १६५/८० आर १४ मापाचे रेडियल टायर आहेत आणि आत ट्यूब आहे. स्टेपनीवर मात्र वडिलांच्या वेळचे, मूळ ५.२०-१४ मापाचे क्रॉसप्लाय (आतील धागे तिरपे एकमेकांवर टाकलेले, जुन्या धाटणीचे) टायर तसेच राहिले आहे. त्याची नक्षी जवळजवळ कोरी आहे आणि ते हवाही धरते. फक्त बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा दिसतात. पंक्चर झाल्यावर पुढच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी हे टायर चालेल का? की स्टेपनी घरीच ठेवून, हल्ली मिळणारा पंक्चर काढण्याचा संच आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन निघावे? आम्ही पाच जण आहोत आणि डिकीतील जागा सामानासाठी हवी आहे. नव्या गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही, असेही वाचले.

आणखी एक अडचण अशी की महामार्गावरील दोन दुकानदारांनी "ट्यूबचे काम आम्ही करत नाही" असे सांगून मला परत पाठवले. घाटात किंवा घाटाखाली अशी वेळ आली तर काय करावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

जुने_लोखंड (पुणे)

आपल्या प्रश्नातील शेवटचा भाग आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. बाजारात मिळणारा संच म्हणजे सुंभासारखी चिकट दोरी आणि ती टायरच्या भोकात खुपसण्याचा टोच्या. तो ट्यूबलेस टायरसाठीच आहे. ट्यूबलेसमध्ये टायर हेच हवेचे भांडे असते. खिळा रुतला तरी टायरचे जाड रबर त्याला घट्ट धरून ठेवते आणि हवा तासन्‌तास थोडी थोडी जाते. ट्यूबचे तसे नसते. ताणलेल्या पातळ रबराला भोक पडले की ते फाटत जाते, आणि निघालेली हवा वाल्वच्या भोकातून व रिमच्या कडेने पाहता पाहता बाहेर पडते. टायरमध्ये दोरी खुपसून आतली ट्यूब बुजत नाही. वाल्वमधून सोडायचे द्रावण लहानशा भोकापुरते कदाचित उपयोगी पडेल, परंतु चाक बसल्यावर गाडी थोडी जरी पुढे गेली तरी ट्यूब चुरगळून फाटलेली असते आणि मग द्रावण, पंप सगळेच निरुपयोगी ठरते. शिवाय ते द्रावण पसरलेल्या ट्यूबवर नंतर पॅच नीट चिकटत नाही, त्यामुळे दुकानदार वैतागतो तो वेगळाच.

स्टेपनीच्या सक्तीबद्दल आपण वाचलेत ते खरे आहे, पण ते आपल्या गाडीसाठी नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या गाड्यांत टायरदुरुस्तीचा संच व टायरमधील हवेचा दाब सतत दाखवणारी यंत्रणा आहे, त्यांना स्टेपनीतून सूट मिळाली. पद्मिनीत यातले काहीच नाही. म्हणजे स्टेपनी न्यायचीच, आणि ती खरोखर चालेल अशी न्यायची.

आता त्या जुन्या टायरकडे वळू. कोरी नक्षी पाहून फसू नका. टायर झिजून संपते तसे ते नुसते पडून राहूनही संपते. रबरातील तेलकट अंश निघून जातात, हवेतील ओझोन रबराची बाजू खातो आणि आपण सांगितलेल्या भेगा त्याच्याच आहेत. डिकीतील उष्णता त्यात भर घालते. टायरच्या भिंतीवर चार अंकी आकडा असेल तर पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० सालाआधीचे समजावे. आपले तसेच असणार. असे टायर डिकीत वर्षानुवर्षे हवा धरून बसते, कारण त्याच्यावर कसलाच भार नसतो. पाच माणसे आणि सामान यांचा भार येऊन ते तापू लागले की त्याची नक्षी सोलपटासारखी सुटू शकते.

वय बाजूला ठेवले तरी दुसरे कारण उरतेच. एकाच आसावर एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला क्रॉसप्लाय लावू नये. रेडियलची भिंत लवचिक असते व वळणावर त्याचा तळ रस्त्याला धरून राहतो. क्रॉसप्लाय संपूर्णच कलते. पुढच्या आसावर अशी जोडी असेल तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते, मागच्या आसावर असेल तर वळणात शेपूट सटकते. १६५/८० आर १४ चा बाह्य व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर भरतो आणि मूळ माप त्याहून थोडे लहान आहे; त्यामुळे मागच्या चाकांत ही जोडी जमवली तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला (आसावरील दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचाला) सतत फरक काढत बसावे लागते. कुंभार्लीच्या उतारावर हे सगळे नको. चाकांवर आहे त्याच मापाचे पाचवे रेडियल घ्या, नवी ट्यूब घाला आणि तेच स्टेपनी म्हणून ठेवा. हे माप आजच्या कित्येक लहान गाड्यांना असल्यामुळे कराडातही सहज मिळेल.

तिठा (कोल्हापूर)

जुने_लोखंड यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण पाचही चाकांतील ट्यूब काढून टाकण्याचा पर्याय त्यांनी का सुचवला नाही, हे कळले नाही. आज मिळणारे १६५/८० आर १४ टायर मुळात ट्यूबलेसच असते. रिमला ट्यूबलेसचा वाल्व बसवला की काम झाले. मग दोरीचा संचही चालतो आणि महामार्गावरचा कोणताही दुकानदार नाही म्हणत नाही. माझ्या माहितीतील एकदोन पद्मिनी अशा चालत आहेत.

घण_ऐरण (सांगली)

चालत आहेत, यावर माझा विश्वास आहे. तरीही कुटुंबाला घेऊन घाट उतरणाऱ्याला मी तसा सल्ला देणार नाही.

ट्यूबलेस टायरसाठी बनवलेल्या रिमच्या आतल्या कडेला, टायरची किनार जेथे बसते त्याच्या अलीकडे, एक गोल उंचवटा असतो. हवा कमी झाली आणि वळणावर टायरला आडवा रेटा बसला तरी किनार त्या उंचवट्याला अडते आणि आत घसरत नाही. ट्यूबच्या काळातील रिमना हा उंचवटा बहुधा नसतो, कारण तेव्हा किनारीला जागेवर दाबून ठेवण्याचे काम आतली ट्यूब करत असे. म्हणून सपाट रिमवर ट्यूब काढून टाकली आणि हवा थोडी उतरलेली असताना जोराचे वळण घेतले, तर किनार सुटून सगळी हवा एका क्षणात जाऊ शकते. सरळ रस्त्यावर हजारो किलोमीटर काही होत नाही, आणि त्यामुळेच लोकांना ते सुरक्षित वाटते.

दुसरी गोष्ट गंजाची. तीस-चाळीस वर्षांच्या रिमची किनार बसण्याची जागा खडबडीत झालेली असते, आणि काही जुन्या रिमचा मधला भाग रिव्हेट मारून जोडलेला असतो. तेथून हवा झिरपते. वाल्वच्या भोकाचेही दोन व्यास प्रचलित आहेत, एक सुमारे ११.५ मिलिमीटरचा आणि दुसरा १६ चा. मोठ्या भोकात लहान वाल्व बसवून देणारे महाभाग भेटतात. नव्याने बनवलेले, उंचवटा असलेले रिम मिळाले तर खुशाल ट्यूबलेस करा. मूळ रिमवर नको.

मात्र ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची तर तीही सांभाळून घातली पाहिजे. टायरच्या आत हात फिरवून पाहा: कारखान्याचे कागदी लेबल आत चिकटवलेले असते आणि साच्याच्या बारीक उभ्या रेघा असतात. हे लेबल ट्यूबला घासते, आणि पुढे कधीतरी खिळा नाही, काच नाही, असे पंक्चर होते व कारण सापडत नाही. ते खरवडून काढावे, रेघा पॉलिश पेपरने घासून मोडाव्यात. रिम आतून तारेच्या ब्रशने साफ करून रंगवावा आणि मधल्या खोलगट भागावर रबरी पट्टी चढवावी. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावून ती थोडी फुगवलेल्या अवस्थेत आत घालावी, म्हणजे घडी पडत नाही. हे काम कारागीर सांगितल्याशिवाय करत नाहीत. शेजारी उभे राहून करून घ्यावे लागते. ट्यूबही रेडियलसाठीच्या मापाची घ्या. माप ट्यूबवर छापलेले असते; "जवळचीच आहे, फुगली की बसेल" या शब्दांवर विश्वास ठेवू नका.

कृष्णाकाठ (कराड)

सर्वांचे आभार. पाचवे रेडियल घेण्याचे ठरले. स्टेपनीचाच रिम साफ करून त्यावर ते चढवतो.

आता पुढचे दोन प्रश्न. गाडीचा मूळ जॅक आहे, पण तो जेथे अडकवतात तेथील पत्रा गंजलेला वाटतो. दाबल्यावर किंचित आत जातो. दुसरा जॅक कोणता घ्यावा आणि कोठे लावावा? आणि उतारावर थांबावे लागले तर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे पुरे, असे मी समजतो. ते बरोबर आहे ना?

पाठीवरची_स्टेपनी (नाशिक)

मी जीपवाला आहे, पण हँडब्रेकचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण हा समज अनेकांचा असतो आणि तो धोक्याचा आहे.

गाडी गिअरमध्ये ठेवल्याने इंजिन अडवते ते मागच्या आसाकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे मागच्या दोन चाकांना मिळून. त्यांतले एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते हवेतील चाक उलट दिशेने मोकळे फिरू शकते, आणि जमिनीवरचे चाक घरंगळायला मोकळे होते. शाफ्ट जागचा हलत नाही आणि गाडी मात्र जॅकवरून खाली येते. विलीज जीपमध्ये तर हँडब्रेकही चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे शाफ्टवर एक ड्रम असतो आणि हँडब्रेक त्याला धरतो, म्हणजे मागचे चाक उचलल्यावर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही एकदमच निकामी. आपल्या गाडीचा हँडब्रेक कशावर चालतो आणि किती धरतो, हे सपाट जागी तपासून पाहा. पण तो कितीही चांगला असला तरी चाकाला उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. जे चाक बदलायचे त्याच्या तिरप्या कोपऱ्यातील चाकाला, उताराच्या बाजूने, आणि जमल्यास दोन्ही बाजूंनी. रस्त्यावरचा धोंडा चालतो, पण गोल धोंडा गडगडतो. लाकडाचे दोन पाचरीसारखे तुकडे सुताराकडून कापून घ्या आणि डिकीत टाकून ठेवा.

विलीजचे आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. १९७० पर्यंतच्या क्रायस्लर, डॉज, प्लिमथ गाड्यांतही हाच प्रकार आहे. माहीत नसलेला माणूस नट सोडवतो आहे असे समजून पान्यावर उभा राहतो आणि स्टड मोडतो. आपल्या गाडीला हा प्रश्न नाही, परंतु हा धागा जुन्या गाड्यांचे इतर मालकही वाचतील म्हणून लिहून ठेवले.

जुने_लोखंड (पुणे)

जॅकविषयी. दाबल्यावर आत जाणाऱ्या पत्र्याला मूळ जॅक लावूच नका. गाडी अर्धी उचलली गेल्यावर तो पत्रा फाटतो आणि जॅक दारात घुसतो. ती जागा वेल्डरकडून नीट करून घेणे हे स्वतंत्र काम आहे, सावकाश करा.

पद्मिनीला मागे सलग आस आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, त्यामुळे मागचे चाक उचलायचे तर आसाच्या नळीखाली, पाट्याच्या जवळ, जॅक लावणे सर्वांत बरे. पुढे खालच्या आर्मखाली, चाकाच्या जितके जवळ जाता येईल तितके. सस्पेन्शनच्या खालून उचलल्याचा फायदा असा की चाक लगेच जमिनीवरून सुटते. बॉडीला धरून उचलले तर आधी स्प्रिंग मोकळी होत राहते आणि चाक खालीच लोंबते. इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली चुकूनही लावू नका.

तेलाचा बाटली जॅक ताकदीने उत्तम असतो, पण चाक पूर्ण बसलेले असताना तो आसाखाली शिरेलच असे नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी घरी एका मागच्या चाकाची सगळी हवा सोडा आणि जॅक खाली जातो का ते पाहा. जात नसेल तर कात्री जॅक घ्या. हवा गेलेले चाक निघण्यापुरती उंची आणि हवा भरलेले चाक बसण्यापुरती उंची यांत चांगला फरक असतो, तोही त्याच वेळी कळेल. जॅकखाली ठेवायला वीतभर रुंद जाड फळी हवीच. घाटाखाली रस्त्याच्या कडेला जांभ्याची माती असते, पावसानंतर ती मऊ राहते आणि जॅक वर जाण्याऐवजी जमिनीत जातो. गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणीही खाली डोके घालू नये. काढलेले चाक आडवे करून गाडीखाली सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी चाकावर टेकते.

चाक आवळताना नट असोत वा बोल्ट, त्यांची निमुळती बाजू रिमकडे येऊ द्या, आधी सगळे हाताने फिरवा, मग समोरासमोरचे एकाआड एक आवळा आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर द्या. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहा.

आणि पंक्चर नेमके होते त्या क्षणाविषयी. ट्यूबची हवा अचानक जाते, हे वर आलेच. पुढचे चाक बसले तर स्टिअरिंग त्या बाजूला जोरात ओढते. पॉवर स्टिअरिंग नसल्याने तो हिसका थेट हातात येतो. ब्रेकवर पाय दाबण्याचा मोह आवरा, दोन्ही हातांनी गाडी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग उतरू द्या. अगदी शेवटी हलका ब्रेक. घाटात मात्र वेग आपोआप उतरत नाही, म्हणून उतरताना आधीपासूनच खालच्या गिअरमध्ये असणे हाच उपाय. मग सपाट तुकडा मिळेपर्यंत माणूस चालायच्या वेगाने गाडी पुढे न्यावी लागली तर न्या. ट्यूब जाईल, टायरही कदाचित जाईल. वळणावर उभे राहून चाक बदलण्यापेक्षा ते परवडते. जुन्या पद्मिनीत चारही दिवे एकदम लुकलुकण्याची सोय बहुधा नसते, तेव्हा परावर्तक त्रिकोण मागे बराच लांब, वळणाच्या अलीकडे ठेवायला एकाला पाठवा.

नेकारकाठ (स्टुटगार्ट)

हवेच्या दाबाबद्दल थोडी भर. माझ्याकडे जुनी फोक्सवॅगन बीटल आहे. तिची स्टेपनी पुढच्या बॉनेटखाली असते आणि काच धुण्याच्या पाण्याला दाब मिळतो तो त्याच स्टेपनीच्या हवेतून, एका नळीने. काच धूत राहिलात की स्टेपनीची हवा उतरते! अर्थात ठरावीक दाबाखाली हवा जाऊ नये म्हणून झडप असते, पण ती म्हातारी झाली की भरवसा नाही. त्यामुळे बीटलवाल्यांना स्टेपनीची हवा वारंवार पाहण्याची सवय लागते. इतर गाड्यांच्या मालकांना ती नसते, कारण तेथे तसे काही आठवण करून देणारे नाही.

ट्यूबमधून हवा आपोआपही झिरपत असते. म्हणून मालकपुस्तिकेत भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकासाठी जो दाब दिला असेल, त्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त हवा स्टेपनीत भरून ठेवावी आणि लावल्यावर जरूर तेवढी सोडावी. सोडणे कोठेही जमते, भरणे नाही. तपासणी सकाळी, टायर थंड असताना करावी. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढलेला दिसतो.

घण_ऐरण (सांगली)

दुकानदार ट्यूबचे काम करत नाहीत, या मूळ तक्रारीचे उत्तर राहिलेच. महामार्गावरील चकचकीत दुकानात जाऊ नका. ज्या दुकानाबाहेर ट्रॅक्टरची आणि ट्रॉलीची चाके पडलेली असतात तेथे जा. आपल्या भागात उसाची वाहतूक असल्याने अशी दुकाने कराड-पाटण रस्त्यावर जागोजाग आहेत. ट्रॅक्टरला ट्यूब असतेच आणि त्या कारागिरांचा हात त्या कामावर बसलेला असतो. फक्त मोठ्या टायरच्या सवयीने ते पहार जरा जोरात घालतात, आणि रिम व पहार यांच्यात चिमटली जाऊन नवी ट्यूब लावतानाच फाटते. शेवटची वीतभर किनार चढवताना पहार न वापरता पायाने दाबून चढवायला सांगा. जमते.

योग्य मापाच्या दोन नव्या ट्यूब बरोबर ठेवा. टायर सगळीकडे मिळेल, या मापाची चांगली ट्यूब वाटेत मिळेलच असे नाही. त्या ट्यूब पान्यांबरोबर डिकीत लोळू देऊ नका. शंखजिरे लावून, कापडात गुंडाळून ठेवा, नाहीतर जॅकच्या हँडलनेच त्यांना भोक पडते. पंक्चर काढल्यावर कारागिराने टायरच्या आतून हात फिरवून खिळा काढला आहे ना, ते स्वतः पाहा.

कृष्णाकाठ (कराड)

काल स्टेपनीचे जुने टायर उतरवले. आतील ट्यूब रिमला दोन ठिकाणी चिकटली होती आणि सोडवताना तेथेच फाटली. रिमच्या आत चहाच्या चमच्याने काढावा इतका गंज निघाला. रिम रंगवायला दिला आहे. तिठा यांची सूचना नवे रिम मिळाल्यास विचारात घेईन, तूर्त ट्यूबच.

एकच राहिले. चाकपाना मूळचाच आहे, पण त्याचे तोंड थोडे फाकल्यासारखे वाटते. चालेल का?

जुने_लोखंड (पुणे)

चालणार नाही. फाकलेला पाना कोपरे गोल करतो आणि मग चाक जागेवरच अडकते. त्याच मापाचा फुलीचा पाना घ्या किंवा लांब दांडीला सॉकेट लावा. दुकानात मापून भागणार नाही. घरी चारही चाकांवर लावून प्रत्येक नट एकदा सैल करून पुन्हा आवळून पाहा, कारण यापूर्वी कोणीतरी हवेच्या गनने आवळलेला एखादा असतोच, आणि तो घाटात कळण्यापेक्षा अंगणात कळलेला बरा. पहिल्यांदा सैल करताना चाक जमिनीवरच असू द्या.

जुने टायर रिमवर पुन्हा चढवू नका. हवे तर घरी जपून ठेवा.